आधी तुमचं रक्त काढा

नव्वदीचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी पुण्यात मानववंशशास्त्राचं एम.ए. पुरं केलं आणि त्याच विभागात पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता वैद्यकीय मानववंशशास्त्र. म्हणजे माणसं आजाराला काय समजतात, आधी कोणाकडे जातात, कोणाकडे जातच नाहीत, आणि का. माझे बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. आमच्या कॉलनीत हा विषय कोणाला समजावून सांगायची सोय नव्हती. बाबा सरळ सांगायचे, "मुलगी डॉक्टर होतेय." मग शेजारच्या बायका गुडघे दाखवायला यायच्या. मी औषध देत नाही असं म्हटलं की त्यांना वाटायचं, शिकली तशी शेफारली.

मी नाशिकची, तेव्हा काम नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेच्या डोंगरात करायचं हे ठरलेलंच होतं. सुरगाण्याच्या बाजूचं एक गाव मी मनात धरलं होतं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "तिकडे नको. पेठ तालुक्यात एक पाडा आहे, तो घे. बस जाते, माणसं चांगली आहेत." सर मितभाषी होते, विद्यार्थ्यांवर कधी आवाज चढवायचे नाहीत. एकट्या मुलीची काळजी म्हणून सांगतायत असं मला वाटलं. त्या पाड्याचं नाव मी प्रबंधातही लिहिलं नाही, इथंही लिहीत नाही.

भातकापणी उरकल्यावर मी तिथं गेले. पंचायतीच्या एका सदस्यानं मला एका घरात उतरवून दिलं. घरात पन्नाशीची बाई आणि तिची सून, एवढीच माणसं होती. नवरा वारलेला. मुलगा मजुरीला दिंडोरीकडे द्राक्षाच्या मळ्यात गेला होता. सून बाहेरची नव्हती, बाईच्या सख्ख्या भावाचीच मुलगी होती. मी बाईला मावशी म्हणू लागले. ती मला "बाई" म्हणायची, आणि ते असं म्हणायची की त्यात जवळीक शोधूनही सापडू नये.

सुरुवातीचे दिवस मी घरोघर फिरले. विचारायचे, "घरात कोणी आजारी पडतं तेव्हा काय करता?"

"इथं कोन आजारी पडत नाय."

हे सांगणाऱ्या माणसाच्या पाठीमागे, कुडाच्या पलीकडे, कोणीतरी जीव खाऊन खोकत असायचं. मी त्या दिशेला पाहायचे. तोही पाहायचा. मग म्हणायचा, "बकरी हाय."

टेपरेकॉर्डर काढला की बायका उठून जायच्या. मी तो पिशवीच्या तळाशी टाकून दिला. तरी मी आले की विहिरीवरची बोलणी थांबायची. मी लांबून येताना दिसले की लहान पोरांना घरात घेतलं जायचं. मला वाटलं, मी कोणाची मुलगी आहे हे यांना कळलं असेल. आमचं घर बौद्ध. जात विचारून पाण्याचा तांब्या पुढे करायचा की नाही हे ठरवणारी माणसं मी शहरातही पाहिली होती. मग मी मावशीच्या ताटावाटीकडे, तिच्या हाताकडे बारीक नजर ठेवू लागले. माझं ताट वेगळं धुतात का, मी शिवलेला हंडा ओतून देतात का. तसं काही दिसेना. पण संशय एकदा बसला की काही न दिसणं हाही त्याला पुरावाच वाटतो.

एके दिवशी माझ्या कुर्त्याचं बटण तुटलं. पिशवीत सुईदोऱ्याची डबी होती. दोरा जागेवर होता, सुया नव्हत्या. पिशवीतल्या पैशाला कोणी हात लावला नव्हता, साबणही होता. फक्त सुया गेल्या होत्या. मला सुनेचाच संशय आला, कारण मी घरात पाऊल टाकलं की ती मागच्या दारानं निघून जायची. मी मावशीला म्हटलं, "माझ्या सुया दिसत नाहीत."

मावशी नागली पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "मी फेकल्या. नदीत."

"का?"

"सुई घेऊन आलेली तुम्ही पयली नाय."

मग तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहून विचारलं, "आमचं रगत काय केलं?"

मला प्रश्नच कळला नाही. तो कळावा म्हणून तिनं जे सांगितलं ते असं. बऱ्याच वर्षांमागे पाड्यावर एक गाडी आली होती. शहरातली माणसं होती. त्यांनी सगळ्यांना शाळेत बोलावलं, लहानथोर रांगेत बसवले आणि प्रत्येकाच्या दंडातून रक्त काढलं. म्हणाले, इकडच्या लोकांच्या रक्तात एक दोष असतो, तो कोणाकोणात आहे ते तपासून परत येऊन सांगू. गाडी गेली ती गेली. तेव्हा मावशीला एक मुलगी होती, मुलाहून मोठी. तिचे हातपाय दुखायचे, थंडीत तर ती रडून रडून निजायची. त्या माणसांना मावशीनं मुद्दाम दाखवली होती. पुढच्या हिवाळ्यात ती मुलगी वारली. पाड्यातले लोक म्हणाले, रक्त काढलं म्हणून गेली. कोणी म्हणालं, रक्त विकलं. मावशी म्हणाली, "मला ठावं नाय काय केलं. पन परत येतो म्हनाले नि आले नाय. ज्यानं चांगलं काम केलं तो परत येतो ना?"

मी विचारलं, कोण होते ते, नाव काही आठवतं का.

"नाव कोन सांगतं आम्हाला. एक पोरगा होता, चष्म्याचा. पांढरा डबा तोच उचलायचा. माझ्या घरी जेवला. भाकरीचा वरचा पापुद्रा सोलून तेवढाच खाल्ला, खालची जाड बाजू ताटात तशीच. अन्न टाकनारा मानूस ध्यानात राहतो."

विभागात आम्ही डबे एकत्र खायचो. सरांच्या घरून भाकरी यायची. सर तिचा पापुद्रा अलगद सोलायचे, तेवढा खायचे आणि खालची बाजू डब्यात ठेवून झाकण लावायचे. आम्ही विद्यार्थी त्यावर मागे हसायचो.

जगात असं खाणारी माणसं पुष्कळ असतील असं मी स्वतःला सांगून पाहिलं. मग आठवलं की सुरगाणा नको, पेठच घे, असं कोणी सांगितलं होतं. आठवडी बाजाराच्या दिवशी मी पेठला गेले आणि एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला. काम कसं चाललंय वगैरे झालं. मी पापुद्र्याचं, गाडीचं काहीच बोलले नाही. फोन ठेवण्याआधी सरच म्हणाले, "लोक रक्ताबद्दल काही बोलतात का गं?"

"रक्ताबद्दल म्हणजे?"

"असंच. समजुती वगैरे."

मी म्हटलं, अजून तरी नाही. बूथवाल्याला पैसे देताना माझ्या लक्षात आलं की आता मीही पाड्यातल्या माणसांसारखंच उत्तर दिलं होतं. इथं कोणी आजारी पडत नाही.

दोन दिवस घरी जाऊन आले. बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वरचा माणूस आपल्याला एखाद्या ठिकाणी पाठवतो तेव्हा बघावं, तो स्वतः का जात नाही." आई म्हणाली, "तू त्या बाईच्या घरी राहतेस, त्या सरांच्या नाही." दोघांचंही खरं होतं. पण त्यातून करायचं काय ते निघत नव्हतं. सरांना पुन्हा रक्त गोळा करायचं असेल आणि त्यासाठी आधी मला पेरून ठेवलं असेल, असं मला रोज वाटू लागलं. सरांची पत्रं मी दोनदोनदा वाचायचे, एखादा शब्द सापडतो का म्हणून.

पौषात थंडी पडली आणि सुनेनं अंथरूण धरलं. गुडघे, मनगटं, पाठ, सगळं दुखत होतं. डोळे पिवळे झाले होते. मावशीनं भगताला बोलावलं. त्यानं तांदळाचे दाणे मांडून पाहिले, अंगारा लावला आणि जाताना मावशीला बाजूला घेऊन सांगितलं, हे तुझ्या मुलीसारखंच दिसतं, दवाखान्यात ने. मी नंतर त्याच्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं, कारण पुस्तकांतला भगत असं करत नाही.

मी मावशीला म्हटलं, "नाशिकला नेऊ या. मोठ्या सरकारी दवाखान्यात."

"रगत काढतील?"

"काढतील. त्याशिवाय कळणार नाही."

तिनं चुलीत लाकूड सारलं. सून कण्हत होती. मग मावशी म्हणाली, "आधी तुमचं काढा. माझ्यासमोर. मग तिचं."

आम्ही तिघी सकाळच्या एसटीनं निघालो. घाटात सुनेचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. एरवी माझ्यापासून पळणारी ती मुलगी पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. म्हणाली, "ताई, मला ऑपरेशनला नेताय का?" म्हणजे तिचा संशय आणखी वेगळाच होता. मूल होऊ नये म्हणून बायकांना गाडीत घालून नेतात हे तिनं ऐकलेलं होतं. मी नाही म्हटलं. तिनं विश्वास ठेवला असेल असं मला वाटत नाही. दुखणं इतकं होतं की कुठेही नेलं असतं तरी ती आली असती.

दवाखान्यात रक्त घेणाऱ्या माणसाला मी सांगितलं, आधी माझं घ्या. तो म्हणाला, "कागद पेशंटच्या नावाचा आहे."

"माहीत आहे. तरी घ्या. त्यांना बघायचंय."

त्यानं आमच्या तिघींकडे पाहिलं आणि माझ्या दंडाला रबर बांधलं. मावशी इतकी पुढे वाकून पाहत होती की तिच्या पदराचा स्पर्श मला होत होता. नळी भरली. तिनं विचारलं, "दुखलं?" मी म्हटलं, थोडं. मग तिनं सुनेचा हात स्वतः पुढे केला. सुनेच्या रक्ताची नळी तपासणीच्या खोलीत गेली तेव्हा मावशी त्या खोलीच्या दाराशी जमिनीवर बसली ती उठेना. कोणी आतून बाहेर आलं की त्याच्या हातात डबा आहे का बघायची.

सुनेला दाखल करून घेतलं. सलाईन लागलं, दुखणं उतरू लागलं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. मावशीला मी जेवायला आमच्या घरी एकलहऱ्याला घेऊन गेले. आईनं तिला चहाचा कप दिला आणि ती लगेच पाठ फिरवून ओट्याकडे वळली. आई असं का करते ते मला लहानपणापासून माहीत होतं. आपल्या घरचं कोण घेतं, कोण नुसतं हातात धरून ठेवतं, हे तिला बघायचं नसायचं. मावशीनं कप रिकामा केला आणि विचारलं, "अजून हाय का?" आईनं तिच्याकडे वळून पाहिलं, आणि पातेल्यात दूध ओतलं. नंतर मावशी दारात उभी राहून वीज केंद्राच्या धुराड्यांकडे पाहत होती. म्हणाली, "एवढा धूर कोनासाठी?" बाबा म्हणाले, "विजेसाठी." ती म्हणाली, "आमच्याकडं तर वीज नाय."

सुनेला सिकलसेल होता, रक्ताचा आजार. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी खुर्ची ओढून मावशीला बसवलं आणि सावकाश सांगितलं. हा दोष आईबापाकडून येतो, कोणाच्या करणीनं नाही. रोज गोळी घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं, थंडीपासून जपायचं, ताप आला तर थांबायचं नाही. मूल होऊ द्यायच्या आधी नवऱ्याचंही रक्त तपासायचं.

मावशीनं विचारलं, "हे आधी कळलं असतं तर मानूस वाचतं का?"

"काळजी घेता येते. पुष्कळ जण वाचतात."

मावशीनं मान हलवली. सून बरी झाल्यावर आम्ही तिघी एसटीनं परत निघालो. पेठला उतरल्यावर मावशी मला म्हणाली, "तो पापुद्रा खानारा कुठं हाय ते तुम्हाला ठावं हाय. त्या दिवशी तुमचं तोंड बघितलं मी."

मी पुण्याला गेले. सर विभागात एकटेच होते. मी विचारलं, "सर, तुम्ही त्या पाड्यावर रक्त घ्यायला गेला होता का?"

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "हो. मला वाटलंच होतं की कोणीतरी सांगेल."

ते तेव्हा नुकतेच शिकून बाहेर पडलेले होते. त्या चमूत सर्वांत धाकटे. परतताना गाडी घाटात बंद पडली, डब्यातला बर्फ वितळला, नमुने खराब झाले. चमूच्या प्रमुखांनी ते टाकून द्यायला लावले आणि सांगितलं की पुन्हा त्या गावात जायचं नाही, लोक प्रश्न विचारतील. काम दुसऱ्या गावात केलं गेलं.

"मग मला तिथं का पाठवलंत?"

"गाव तुझ्या विषयाला योग्य होतं."

मी दाराकडे वळले. मग ते म्हणाले, "आणि ते अजून आठवण ठेवून आहेत का, हे मला कळायला हवं होतं."

"स्वतः जाऊन विचारता आलं असतं."

"हो, आलं असतं."

मी सांगितलं की तुम्ही तिथं आल्याशिवाय मी पुढे काम करणार नाही. असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते, नंतरही बोलले नाही. उन्हाळ्यात सर आले. शाळेच्या ओसरीवर माणसं जमली. मावशीनं त्यांना लांबूनच ओळखलं, पण तोंडावर काही दाखवलं नाही. सरांनी उभं राहून सगळं सांगितलं, न लपवता, असं मला तेव्हा वाटलं.

एक म्हातारे म्हणाले, "रगत खराब होतं? मग आमच्या अंगात इतकी वर्षं कसं राहतं?"

सरांनी समजावलं. म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं आणि शेजारच्याला म्हणाले, "विकलंच."

मावशी उठली. "माझ्या पोरीचं बी फेकलं?"

"हो."

"कुठं?"

"घाटाच्या खाली, रस्त्याच्या कडेला. नेमकी जागा आता आठवत नाही."

"इतकी वर्षं आला का नाय?"

"लाज वाटत होती."

"लाज का भीती?"

सर म्हणाले, "भीती. लाज नंतर."

मावशीनं त्यांना पाणी मात्र दिलं. सर गेल्यावर मी तिला विचारलं, "मावशी, तुम्हाला खरं वाटलं?"

"निम्मं. पोरीचं फेकलं ते खरं. बाकी देव जाने. तुम्हाला?"

मला काय वाटलं ते मी तिला सांगू शकले नाही, कारण मला ठरवता येत नव्हतं. आजही येत नाही. गाडी खरंच बंद पडली होती की नाही, हे सांगू शकेल असं दुसरं कोणी मला भेटलं नाही. चमूचे प्रमुख तोवर वारले होते. सरांच्या हाताखाली मी प्रबंध पुरा केला, त्यांनी तो मन लावून तपासला, एकही वाक्य कमी करायला सांगितलं नाही. पण माणसांनी माझ्याशी बोललेलं जसंच्या तसं मी त्यांच्या हाती कधी दिलं नाही, आणि त्यांनीही मागितलं नाही. प्रबंधाचा विषयच बदलून गेला होता. माणसं उपचारांवर विश्वास का ठेवत नाहीत हे शोधायला मी गेले होते. ज्यांच्याशी असं वागलं गेलंय त्यांनी संशय घेतला नसता तर ती माणसं फार काळ टिकलीच नसती, असं काहीसं लिहून मी परत आले.

सुनेच्या गोळ्या चालू राहिल्या. प्रत्येक नवी पट्टी आली की मावशी त्यातली एक मला खायला लावायची, मग सुनेला. मी दर भेटीला गोळी गिळायचे. मुलगा दिंडोरीहून आल्यावर त्याचं रक्त तपासलं. त्याच्यात अर्धा दोष निघाला, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच आलेला. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समजावून सांगितलं. त्यांनी काही वर्षं थांबून एकच मूल होऊ दिलं. मुलगी झाली. तिच्यातही वडिलांसारखा अर्धाच दोष आहे, दुखणं नाही.

पुढे मला नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात नोकरी लागली. पाड्यावर वीज आली, मग मोबाईल आले. एका दुपारी मावशीचा फोन आला. सुनेनं नंबर लावून दिला असणार. म्हणाली, "गाडी आलीय. रगत घ्यायला."

"कोणाची?"

"दवाखान्याची म्हनतात. मी शाळेच्या दारात उभी राहिले. आत जाऊ दिलं नाय कोनाला."

मग तिनं काय केलं ते सांगितलं. त्यांना म्हणाली होती की नेऊ देणार नाही, इथंच तपासा. त्यातल्या एकानं सांगितलं की पहिली तपासणी इथंही होते, नळीतल्या औषधात थेंब टाकला की पाणी गढूळ होतं का ते बघायचं. ज्याचं गढूळ होईल त्याचंच रक्त पुढे मोठ्या तपासणीला जाईल. मावशी म्हणाली, मग कर, आणि आधी तुझं कर. त्यानं स्वतःच्या बोटाला टोचून थेंब टाकला. पाणी स्वच्छ राहिलं. तेव्हा कुठे तिनं नातीला पुढे केलं.

"आता नळ्या मांडून बसलेत ओसरीवर," ती म्हणाली. "ज्याचं गढूळ होईल त्याचं रगत नेनार, अन् आठ दिवसांत येऊन सांगनार म्हनतात. खरं बोलतात का?"

मी म्हटलं, "मला वाटतं खरं बोलतात, मावशी."

"वाटतं नको. तुम्ही या. ते येतील त्या दिवशी या, नाय आले तर त्यांच्या मागं जायला या."

मी कॉलेजात रजेचा अर्ज दिला आणि आठवड्यानं पेठच्या गाडीत बसले. मी पोचले तेव्हा त्यांची गाडी माझ्या आधी येऊन शाळेपाशी उभी होती. मावशी गाडीच्या चाकाला टेकून बसली होती आणि ड्रायव्हरला विचारत होती, वाटेत ही कधी बंद पडते का.